डाग कसलो, खरा सांग

सासरे गेल्याचं मला सासरच्या शेजारच्या काकूंच्या फोनवरून कळलं, तेही दहावं होऊन गेल्यावर. "तुला कोणी कळवलं नसणार, म्हणून केला," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "शेवटपर्यंत कपडे स्वतःच धूत होते हो. आदल्या दिवशी चादर वाळत होती दोरीवर." मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तशीच बसून राहिले. रडू आलं नाही. घटस्फोट झालेल्या बाईनं सासऱ्यासाठी कोणत्या नात्यानं रडायचं, तेही कळेना.

घाटकोपरला जुनी चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत सातव्या मजल्यावर आमचं घर होतं. एक खोली, एक स्वयंपाकघर. घरात सासरे, नवरा, मी आणि पुढे झालेली आमची मुलगी. सासूबाई माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी गेलेल्या. मी मेट्रोनं अंधेरीला जायचे, एका कंपनीत हिशेबाच्या कामाला. नवरा बिल्डरच्या साइट ऑफिसात लोकांना फ्लॅट दाखवायचा. त्याला रोज पांढरा शर्ट लागायचा, कॉलर कडक आणि कफ स्वच्छ. दोघंही सकाळी बाहेर पडलो की संध्याकाळीच घरी. आणि तरी माझ्या घरात धुण्याचा ढीग कधी साचला नाही. ऑफिसातल्या मैत्रिणींचा रविवार धुण्यात जायचा. मी रविवारी उशिरा उठायचे.

कारण धुणं सासरे धुवायचे. सगळ्यांचं.

ते गिरणीत ब्लीचिंग खात्यात होते. कोरं कापड उकळून, औषधात घालून पांढरं करायचं ते खातं. गिरणी बंद पडली, मग कुठे कुठे वॉचमनकी केली, पण ओळख सांगताना ते अजूनही "ब्लीचिंगवालो" एवढंच म्हणायचे. बोटांची कातडी कायमची तडकलेली, नखं पिवळी. डोळ्यांतून सतत पाणी. मला पहिल्यांदा बघायला आले होते तेव्हा माझ्या आईला वाटलं, माणूस फार हळवा आहे.

माझ्या माहेरहून वॉशिंग मशीन आलं होतं. त्यांनी ते मोरीच्या दाराशी लावून घेतलं, झाकण उघडून आत बघितलं आणि निकाल दिला, "तिका धुवूक येणा नाय. पिळूक तेवढा येता." त्यानंतर त्या मशीननं आयुष्यभर फक्त पिळण्याचं काम केलं. बाकी सगळं हातानं. सकाळी नळाला पाणी यायचं त्या वेळात ते मोरीत पाटावर बसायचे आणि आम्ही चहा पिईपर्यंत निम्मं धुणं दोरीवर असायचं.

त्यांची शिस्त म्हणजे गिरणीची पाळी. अंगावरचा कपडा उतरला की उलटा करून त्याच्या त्याच्या बाल्दीत. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, मुलीचा युनिफॉर्म आल्या आल्या त्याच संध्याकाळी. खिशातलं सामान स्टीलच्या वाडग्यात. चादरी रविवारी, कारण रविवारी पाण्याला जोर असतो. हे सगळं घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. एकच नियम मला सुरुवातीला विचित्र वाटला. ज्या कपड्याला डाग पडलाय तो बाल्दीत टाकायचा नाही. तो त्यांच्या हातात द्यायचा. मग ते तो उजेडात धरायचे, नखानं खरवडायचे, कधी वास घ्यायचे आणि विचारायचे, "हो डाग कसलो?"

उत्तर दिल्याशिवाय कपडा स्वीकारला जायचा नाही.

"खरा सांग," ते म्हणायचे, "नायतर जावचो नाय."

त्यात तथ्य होतंच. तेलाला डाळीचं पीठ, गंजाला लिंबू-मीठ, हळदीला ऊन. हळदीवर साबण लावलात तर डाग लाल होतो, रक्तावर गरम पाणी ओतलंत तर कायमचा बसतो. पण मला वाटतं, त्यांना डागापेक्षा उत्तरात जास्त रस होता. मुलगी दुसरीत असताना तिच्या फ्रॉकवर लाल ओघळ आला. ती म्हणाली, "पेंटिंगचा तास होता." त्यांनी फ्रॉक परत तिच्या हातात दिला. ती बराच वेळ मोरीच्या दारात उभी राहिली आणि शेवटी त्यांच्या कानात काहीतरी म्हणाली. मला ते कित्येक महिन्यांनी तिच्याकडूनच कळलं. शाळेबाहेरच्या गाडीवरचा बर्फाचा गोळा होता. तिला टॉन्सिल्स होते आणि मी गोळा बंद केला होता. सासऱ्यांनी फ्रॉक धुतला, मला एक शब्द सांगितला नाही. त्यांना सांगितलेलं त्यांच्यापाशीच राहायचं. त्यामुळे घरात खरं बोलायची जागा म्हणजे मोरीचं दार, असंच होऊन बसलं.

फक्त नवरा कधी उत्तर द्यायचा नाही. शर्ट खुर्चीवर फेकायचा. "बघा ना काय आहे ते," एवढंच. सासरे तो उचलायचे आणि अंदाजानं धुवायचे.

इमारतीत त्यांची टिंगल व्हायची. सुनेचे कपडे सासरा धुतो, आतले-बाहेरचे सगळे, हे बायकांनाही झेपत नव्हतं. मलाही पहिले काही महिने झेपलं नाही. मी माझे काही कपडे लपवून, अंघोळीच्या वेळी धुवायला लागले. त्यांच्या लक्षात आलं. एकदा शेजारच्या काकूंनी गॅलरीतून हटकलंच, "काय हो, तुम्हाला लाज नाही वाटत?"

"गिरणीत सगळ्या मुंबयच्या बायकांचा कापड धुतलंय," ते दोरीवर चिमटे लावता लावता म्हणाले. "तेवा कोणाक लाज वाटली नाय."

त्यांना सगळं यायचं असंही नव्हतं. माझ्या आईची रेशमी साडी मी एका लग्नात नेसले होते, तिच्यावर बासुंदी सांडली. मी म्हटलं, "बाबा, ही ड्रायक्लीनला देते." त्यांनी ऐकलं नाही. कसलं तरी पाणी करून त्यात साडी बुडवली आणि काठाचा रंग पदरभर पसरला. जरही काळी पडली. मी खूप बोलले त्या दिवशी. ते पाटावर बसून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "रेशीम माका कळणा नाय. आमचा सगळा कॉटन." त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही एकुलती एक माफी. निदान तोवरची.

आता नवऱ्याबद्दल सांगायला हवं.

तो पीत नव्हता. हे मी आधी सांगते, कारण लोक पहिलं तेच विचारतात. दारू नाही, जुगार नाही, बाई नाही. गिऱ्हाइकांशी इतकं गोड बोलायचा की लोक त्याला दिवाळीला मिठाई पाठवायचे. घरी मात्र त्याला एखाद्या गोष्टीचा राग यायचा आणि तो राग शांतपणे चढत जायचा. आमटी पानात वाढली आणि ती गार असली, तर तो ओरडायचा नाही. ताट उचलून माझ्यावर फेकायचा आणि हात धुवायला जायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं, साइटवर काहीतरी बिनसलं असेल. मग एकदा केस ओढले. मग मारणं सुरू झालं. ते बहुतेक वेळा सासरे खाली देवळात गेले असताना व्हायचं. मुलगी असली तर तो तिला आधी पॅसेजमध्ये खेळायला पाठवायचा. मला सगळ्यात जास्त भीती त्या क्षणाची वाटायची, तो मुलीला "जा बाळा, खेळ जा" म्हणायचा त्या क्षणाची. आवाज अगदी प्रेमळ असायचा.

कपडे मात्र मोरीत जायचेच.

"हो डाग कसलो?"

"आमटी सांडली, बाबा."

"खांद्यार?"

"हो. वाकले होते."

त्यांनी कुर्ता हातात धरला आणि माझ्याकडे बघितलं. पुढे एकदा गळ्याशी फाटलेला ड्रेस, बटणासकट कापड निघालेलं. "मेट्रोत गर्दी होती," मी म्हटलं. "कोणाची तरी बॅग अडकली." त्यांनी ते वाक्य म्हटलं, "खरा सांग, नायतर जावचो नाय," पण उत्तराची वाट बघितली नाही. ड्रेस धुतला, वाळवला, फाटलेलं स्वतःच शिवून घडी करून माझ्या कपाटात ठेवला. टाके इतके बारीक की शोधावे लागत. मी तेव्हा सुटकेचा श्वास सोडला. आज मला त्या टाक्यांचा राग येतो. मुलीला गोळ्यासाठी दारात उभं करणारा माणूस माझं खोटं महिनोन् महिने मुकाट्यानं धूत राहिला.

ती सकाळ शनिवारची होती. आदल्या संध्याकाळी नवऱ्यानं मला ढकललं होतं आणि कपाटाची कडी कानाच्या वर लागली होती. टाके घालण्याएवढं नव्हतं, पण उशीचा अभ्रा चिकट झाला होता. नवरा साइटवर निघून गेला. मुलगी शाळेत. सासरे दूध आणायला खाली गेले होते. मी गिझर लावला, बाल्दी भरली आणि अभ्रा वाफाळत्या पाण्यात बुडवला. अर्धा आत गेला असेल, तेवढ्यात मागून हात आला आणि त्यांनी माझं मनगट धरून वर ओढलं.

"गरम पाणी?" ते म्हणाले. "रगताक गरम पाणी? कोणी शिकवल्यान तुका?"

त्यांनी अभ्रा बाहेर काढला. एक बाजू कोरडी होती, तिच्यावरचा डाग तसाच तपकिरी. त्यांनी तो उजेडात धरलासुद्धा नाही. दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि पाटावर बसले. डोळ्यांतून नेहमीसारखं पाणी येत होतं, त्यामुळे ते रडतायत की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

"ती पण असाच करी," ते म्हणाले.

ती म्हणजे सासूबाई. मी तोवर त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत बघितलं होतं. गिरणी बंद पडल्यावर ते प्यायला लागले होते आणि पिऊन आले की बायकोला मारायचे. ती खाणावळीचे डबे करून घर चालवायची. सकाळी डब्यांच्या आधी, त्याच चुलीवरचं ऊन पाणी घेऊन, अंगावरचं लुगडं घाईघाईनं धुवायची. चाळीतल्या बायका नळावर यायच्या आत.

"गरम पाण्यान तो बसलो," ते म्हणाले. "लुगडा फाटला, पण डाग काय गेलो नाय. मी तो रोज दोरीर बघी. तरी मारलंय."

"मग कधी थांबलात?"

"ती आजारी पडली तेवा." पोटात गाठ झाली होती. शेवटचे काही महिने ती उठू शकत नव्हती आणि तिचं सगळं धुवायला घरात दुसरं कोणी नव्हतं. जन्मभर गिरणीचं कापड धुतलेल्या या माणसानं तोपर्यंत घरात स्वतःचा रुमाल पिळला नव्हता. "तिचे कपडे पयल्यांदा तेवा धुतलंय. ती बघी माझ्याकडे. बोलूक नाय कधी. नुसती बघी."

मी भिंतीला टेकून उभी होते. डोकं ठणकत होतं. मला त्यांची दया आली नाही. मला म्हणायचं होतं, मग इतके दिवस गप्प का बसलात? ते मी म्हटलंही.

"माका म्हायती होता," ते म्हणाले. "आमटी खांद्यार सांडणा नाय, चेडवा." चेडवा म्हणजे पोरी; नातीला ते तसं म्हणायचे, मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले. "मी दारू पिऊन मारलंय. ह्यो शुद्धीत मारता. ह्यो थांबाचो नाय."

ते उठले. अभ्र्याची ओली बाजू निथळली, कोरडी बाजू आत राहील अशी घडी घातली आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. बाहेर जायची पँट घातली, टोपी घातली. "चल," म्हणाले.

पोलीस स्टेशनात एक बाई होत्या ड्युटीवर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जखमेकडे बघितलं आणि सवयीच्या सुरात म्हणाल्या, "घरातलं आहे ना, ताई. मुलगी आहे म्हणता. जरा घरच्यांनी बसून बोलून बघा." मग सासऱ्यांकडे वळल्या. "तुम्ही कोण? या मुलीचे वडील का?"

"मुलाचो," सासरे म्हणाले. "मारणाऱ्याचो बाप. लिवून घेवा."

बाईंनी पेन उचललं. त्यानंतर त्यांनी बसून बोलायचं काही सुचवलं नाही.

मी मुलीला शाळेतून घेऊन थेट माझ्या आईकडे मानखुर्दला गेले. पुन्हा त्या घरात राहायला गेले नाही. सासरे मात्र त्याच घरात राहिले. नवऱ्याला एक रात्र कोठडीत काढावी लागली, मग जामीन झाला आणि तो घरी आला. काकू फोनवर सांगायच्या, बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. इमारतीत लोक सासऱ्यांना तोंडावर बोलायचे, पोटच्या पोराला आत घातलं म्हणून. देवळातल्या त्यांच्या जुन्या सोबत्यांनीही त्यांच्या शेजारी बसणं सोडलं. आणि सकाळी नळ आला की ते पाटावर बसतात, दोघांचं धुतात, असंही काकू सांगायच्या. ते ऐकून माझ्या अंगाची लाही व्हायची.

मी घटस्फोटाचा दावा लावला आणि कोर्टात तारखा पडत राहिल्या. त्यांच्या साक्षीची तारीख आली त्या दिवशी मी आईबरोबर बाकावर बसले होते. नवरा आला. पांढरा शर्ट, कॉलर कडक, कफ स्वच्छ. इस्त्री कोणाचीही असेल, पण तो पांढरेपणा कोणाच्या हातचा ते मला लांबूनच कळलं. मागोमाग सासरे आले, हातात कापडी पिशवी. मी उठून त्यांच्यासमोर गेले.

"बाबा, अजून त्याचे कपडे धुता तुम्ही?"

"मग कोण धुतलो?" ते म्हणाले. "घरात दोगंच तर आसंव."

"त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला आलात ना?"

"साक्ष येगळी," ते म्हणाले. "धुणा येगळा." आणि आत गेले.

त्यांनी जे पाहिलं ते सगळं सांगितलं. आमटी, फाटलेला गळा, अभ्रा. आपण ओळखून गप्प बसलो होतो, हेही. मग नवऱ्याचा वकील उठला. तरुण होता, हुशार. त्यानं शांतपणे विचारलं, "तुम्ही तुमच्या बायकोला मारहाण करत होता, हे खरं आहे का?"

मी नवऱ्याकडे बघितलं. वकिलाला हे त्याच्याशिवाय कोण सांगणार? चाळीतल्या त्या एका खोलीत तो सात-आठ वर्षांचा असताना सगळं त्याच्यासमोर घडलं होतं. तो सरळ समोर बघत होता.

"खरा आसा," सासरे म्हणाले.

"किती वर्षं?"

"ती आजारी पडेपर्यंत."

"रक्त निघेपर्यंत मारत होता?"

"होय."

माझ्या आईनं माझा हात घट्ट धरला. वकील जरा हसला. "मग असा माणूस आज इथे उभा राहून स्वतःच्या मुलावर आरोप करतो. तुम्हाला तो अधिकार आहे, असं वाटतं तुम्हाला?"

सासऱ्यांनी टोपी काढली आणि हातात धरली. त्यांचे डोळे वाहत होते, नेहमीसारखे. त्यांनी ते पुसले नाहीत. साहेबांना कळावं म्हणून असेल, सावकाश बोलले.

"अधिकार नाय," ते म्हणाले. "पण माझ्या बायलेक साक्षीदार गावलो नाय, साहेब. चाळीत सगळ्यांक ऐकाक येय. माझ्या आयेक म्हायती, भावाक म्हायती. एक माणूस बोललो नाय. तेव्हा कोण बोललो असतो, तर कदाचित ह्यो पोरगो असो झालो नसतो. मी बोलतंय, कारण दुसरो कोण नाय."

वकिलानं पुढे काहीतरी विचारलं, ते माझ्या कानात शिरलं नाही. मी नवऱ्याकडे बघत होते. त्याची मान खाली गेली होती. लाजेनं की रागानं, ते त्याच्याबरोबर इतकी वर्षं राहूनही मला सांगता आलं नसतं.

निकाल पुढे माझ्या बाजूनं लागला, मुलगी माझ्याकडे राहिली, रीतसर वेगळे झालो. ते सगळं व्हायला बराच काळ गेला. पण माझ्या डोक्यात तो खटला त्याच दुपारी संपला.

मी आणि आई गेटबाहेर रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. नवऱ्यानं पलीकडे एक रिक्षा थांबवली आणि आत बसला. सासरे फुटपाथवर होते, टोपी अजून हातातच. त्यांना ऊन सहन व्हायचं नाही, डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, रिक्षा आता जाईल आणि मला रस्ता ओलांडून त्यांना विचारावं लागेल, बाबा, सोडू का कुठे? मी एक पाऊल पुढे टाकलंसुद्धा. आईनं मला धरलं.

रिक्षा जागची हलली नाही. मीटर टाकलेलं दिसत होतं. नवरा समोर बघत बसला होता. थोड्या वेळानं तो एका बाजूला सरकला. सासऱ्यांनी डोळे उघडले, पिशवी छातीशी धरली, वाकून आत शिरले आणि त्याच्या शेजारी बसले. रिक्षा सिग्नलला वळली. दोघं एकाच घरी निघाले होते.